चार गार्डन, एक स्टेशन

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाग नाही आणि ते मॅडिसन स्क्वेअरवरही नाही. त्या नावाचा चौक तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बास्केटबॉल, आइस हॉकी, मुष्टियुद्ध आणि गाण्याचे जलसे अशा सगळ्यांसाठी जगभर ओळखले जाणारे हे बंदिस्त क्रीडागृह सातव्या आणि आठव्या ॲव्हेन्यूंच्या मधोमध, एका रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर बसलेले आहे. चौक सुटला, बाग तर मुळातच नव्हती. नाव मात्र जवळजवळ दीडशे वर्षे टिकून आहे.

मी वास्तुशास्त्र शिकलेला नाही. जुने नकाशे आणि सिटी सर्व्हेचे उतारे चाळता चाळता मला एक खोड लागली. कोणतीही इमारत पाहिली की ‘याआधी इथे काय होते?’ हा प्रश्न आधी पडतो. गार्डनला हा प्रश्न विचारला तेव्हा एकाऐवजी चार इमारतींची कहाणी हाती आली.

पहिले गार्डन खरोखर मॅडिसन चौकाच्या कोपऱ्यावर होते. तिथे पूर्वी एका रेल्वे कंपनीचे स्टेशन होते. १८७१ मध्ये गाड्या ग्रँड सेंट्रलकडे हलवल्या गेल्या आणि जागा मोकळी झाली. सर्कशीचे प्रसिद्ध चालक पी. टी. बार्नम यांनी १८७४ मध्ये ती भाड्याने घेऊन तिथे घोड्यांच्या शर्यतींचे आणि कसरतींचे मैदान उभे केले. पुढे पॅट्रिक गिलमोर या बँडमास्तरांनी ती जागा घेतली आणि तिला ‘गिलमोर्स गार्डन’ म्हटले. त्या काळात जलशाच्या, करमणुकीच्या जागेला ‘गार्डन’ म्हणण्याची रीत होती. १८७९ मध्ये मालक व्हँडरबिल्ट यांनी तिचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन असे बारसे केले.

दुसरे गार्डन त्याच जागी १८९० मध्ये झाले. ते मकिम, मीड अँड व्हाइट या नामांकित वास्तुरचनाकार संस्थेतल्या स्टॅनफर्ड व्हाइट यांनी रचले होते. सेव्हिलच्या जिराल्डा मनोऱ्यावरून घेतलेला उंच मनोरा आणि त्याच्या टोकावर ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेली डायना देवीची मूर्ती, असा त्याचा थाट होता. १९०६ च्या जूनमध्ये याच इमारतीच्या गच्चीवरल्या नाट्यगृहात हॅरी थॉ या धनिकपुत्राने व्हाइट यांना गोळ्या घातल्या. आपणच बांधलेल्या वास्तूच्या छपरावर रचनाकाराचा अंत झाला. इमारतीचेही आयुष्य फार उरले नव्हते. १९२५ मध्ये ती पाडली गेली आणि विमा कंपनीने तिथे आपले कार्यालय बांधले. डायना आता फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

तिसरे गार्डन टेक्स रिकर्ड या मुष्टियुद्धांच्या आयोजकाने आठव्या ॲव्हेन्यूवर पन्नासाव्या रस्त्यापाशी अवघ्या २४९ दिवसांत उभारले. तिथे आधी ट्रामगाड्यांची वखार होती. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचे गाणे म्हटले, ते याच गार्डनमध्ये.

स्टेशन, ट्रामची वखार आणि चौथ्या खेपेला पुन्हा स्टेशन. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हजारो माणसांना मधे खांब न येऊ देता एका छपराखाली बसवायचे, तर शहराच्या ऐन मध्यात एकसलग मोठा तुकडा हवा. तिथवर गर्दीला सहज पोहोचताही यायला हवे. घरादारांनी भरलेल्या शहरात असे तुकडे वाहतूक कंपन्यांकडेच असतात. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे असे तुकडे गिरण्यांकडे होते. लोअर परळला मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे आणि मॉलला नावही त्या गिरणीचेच आहे. जागेचा धंदा बदलला की जुने नाव असे मागे राहते.

आता चौथ्या गार्डनखालच्या स्टेशनाविषयी. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने हडसन नदीच्या पात्राखालून बोगदे काढून गाड्या थेट मॅनहटनमध्ये आणल्या आणि १९१० मध्ये पेन स्टेशन सुरू केले. रचना त्याच मकिम, मीड अँड व्हाइट यांची, पण या वेळी आराखडा चार्ल्स मकिम यांचा होता. बाहेर गुलाबी ग्रॅनाइटचे ८४ खांब होते. आत रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांवरून बेतलेले, सुमारे १५० फूट उंचीचे प्रतीक्षागृह होते. त्यापलीकडे पोलाद आणि काचेचे छत होते, त्यातून ऊन थेट फलाटांपर्यंत उतरे. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या कुणालाही या दालनातून चालत जाता येई.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमाने वाढली तशी रेल्वे कंपनी तोट्यात गेली. तिने स्टेशनच्या वरची जागा, म्हणजे हवेतला बांधकामाचा हक्क, विकायला काढला. ऑगस्ट १९६२ मध्ये वास्तुरचनाकारांनी स्टेशनसमोर निदर्शने केली. त्यांत फिलिप जॉन्सन आणि जेन जेकब्ज होते. पण खासगी मालकाला आपली इमारत पाडण्यापासून रोखणारा कायदाच शहरापाशी नव्हता. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडकाम सुरू झाले. रूळ आणि फलाट जमिनीखाली तसेच ठेवले आणि वरचे सगळे उतरवले. त्यातले बरेचसे दगड न्यू जर्सीच्या दलदलीत टाकले गेले. मोकळ्या झालेल्या जागेवर चार्ल्स लकमन यांच्या आराखड्यानुसार नवे गार्डन बांधले गेले आणि ११ फेब्रुवारी १९६८ रोजी ते खुले झाले.

मी तिथे गेलो तो न्यू जर्सीहून गाडीने, म्हणजे खालून. फलाट अरुंद, जिने अरुंद आणि छत हात उंचावला तर लागेल की काय, इतके खाली. महामारीपूर्वी रोज सहा लाखांच्या आसपास माणसे या तळघरातून जात होती. मग सरकत्या जिन्यांवरून वर, वर आणि आणखी वर. खेळाची जमीन रस्त्यापासून जवळपास पाच मजले उंचावर आहे आणि तिच्या पोटात स्टेशन आहे. आत पाऊल टाकले आणि खालचा सगळा कोंदटपणा क्षणात विसरलो. पोलादी तारांच्या आधारावर तोललेले सुमारे चारशे फूट व्यासाचे गोल छत आणि त्याखाली एकही खांब नाही. बास्केटबॉलच्या लाकडी फळ्यांखाली हॉकीचा बर्फ झाकलेला असतो. एका खेळाची जमीन उचलून दुसऱ्याची मांडायला कामगारांना काही तास पुरतात. वीसेक हजार माणसे एकदम उठून ओरडली तेव्हा मीही उठलो. मला खेळातले फारसे कळत नाही, पण अंगावर काटा आला हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच ‘स्टेशन पाडणारी इमारत’ एवढ्यावर तिची बोळवण करणे मला जमत नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकरांच्या शब्दाखातर जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी याच छपराखाली दोन कार्यक्रम केले. मिळून सुमारे चाळीस हजार लोक आले. सुरुवात रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती आणि तबल्यावर आपल्या मुंबईचे अल्लारखाँ यांनी केली. वाद्ये नुसती जुळवली जात असतानाच टाळ्या पडल्या, तेव्हा जुळवणे इतके आवडले तर वादन आणखी आवडेल, असे रविशंकर मिश्किलपणे म्हणाले. दूरच्या एका युद्धातली उपासमार त्या संध्याकाळी अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचली. त्यासाठी एवढे मोठे, शहराच्या मध्यावरचे सभागृह लागले, हेही तितकेच खरे.

पाडकामातून आणखी एक गोष्ट निघाली. एप्रिल १९६५ मध्ये न्यूयॉर्कने ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. पेनसिल्व्हेनिया रेल्वे पुढे प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली. या नव्या कंपनीला ग्रँड सेंट्रल स्टेशनावर उंच इमारत चढवायची होती. कायदा आडवा आला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये सहाविरुद्ध तीन मतांनी हरली. ग्रँड सेंट्रल वाचले ते पेन स्टेशन गमावल्यामुळे. आपल्या मुंबईला वारसा वास्तूंची नियमावली मिळायला १९९५ साल उजाडले.

मात्र कायद्याने पेन स्टेशनच्या प्रवाशाला काही परत मिळाले नाही. २०२१ च्या पहिल्या दिवशी समोरच्या जुन्या टपाल कार्यालयात मॉयनिहान रेल्वे दालन खुले झाले. काचेच्या छतातून ऊन पुन्हा प्रवाशांच्या अंगावर पडू लागले. ती टपाल इमारतही मकिम, मीड अँड व्हाइट यांचीच. पण न्यू जर्सी आणि लाँग आयलंडहून रोज कामाला येणारी गर्दी बहुतांशी अजूनही गार्डनच्या पोटातूनच जाते. ते दालन रुंद-उंच करायचे तर वरच्या क्रीडागृहाचे खांब आड येतात.

हा तिढा नगरपालिकेच्या दप्तरातही दिसतो. १९६३ मध्ये गार्डनला दिलेली विशेष परवानगी पन्नास वर्षांची होती. २०१३ मध्ये ती दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२३ मध्ये फक्त पाच वर्षांसाठी. पन्नास, दहा, पाच. ज्या छपराखाली मी उभा राहून ओरडलो, त्याला मिळणारी मुदत दर खेपेला आखडत चालली आहे. पुढचा निर्णय २०२८ मध्ये घ्यावा लागेल. एका संध्याकाळी येणाऱ्या वीस हजारांनी वर बसायचे आणि रोज येणाऱ्या लाखोंनी खालून वाकून जायचे, ही वाटणी शहराने एकदा, कायदा नसताना, होऊ दिली होती. आता कायदाही आहे आणि तारीखही ठरलेली आहे.