अमेरिकेची पंगत आणि पंक्तिभेद

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. तिथे सगळे घाईत असतात, वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात, पाहुण्याला चहाचे एकदाच विचारतात आणि देशभर एकच बर्गर खातात. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनाही बहुधा त्या एका शहरापुरतीच अमेरिका ठाऊक असते. दर बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण ज्यांच्या रोजच्या अनुभवातली, ज्यांच्या एकाच गल्लीत दोन भाषांचे आणि दोन चवींचे स्वयंपाक होतात, त्या आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना तरी एवढा मोठा देश एकाच ताटात जेवत असेल हे पटू नये. वास्तविक पाहुणचाराची रीत, हाक मारण्याची पद्धत आणि ताटातले पदार्थ तिथेही प्रांतागणिक बदलतात. हे फरक काही अंशी हवापाण्याने पडले. पण त्याहून अधिक पडले ते कोणत्या प्रांतात कोण, कशासाठी आणि कोणाच्या श्रमांवर वसले यामुळे. हा इतिहास चाळताना एक प्रश्न मात्र प्रत्येक प्रांतात समोर येतो, तो म्हणजे पंगतीला बसवायचे कोणाला?

ईशान्येकडील न्यू इंग्लंडपासून सुरुवात करू. १६२० साली प्लिमथला आणि १६३० च्या सुमारास बोस्टन परिसरात येऊन वसलेले लोक कडक धर्माचारी होते. त्यांचा विश्रामवार शनिवारच्या सूर्यास्तापासून पाळला जाई आणि त्या काळात चूल पेटवणे वर्ज्य असे. म्हणून शनिवारी घेवड्याच्या दाण्यांचे मडके भट्टीत ठेवायचे आणि तेच रविवारी पुरवून खायचे, असा प्रघात पडला. बोस्टनचा प्रसिद्ध घेवडा तो हाच. सणाच्या मेजवान्यांचे या लोकांना वावडे होते. १६५९ ते १६८१ या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. परक्या माणसाकडेही ते सावधपणे पाहत. वाटेल त्या पाहुण्याला चौदा दिवसांहून अधिक काळ घरी ठेवायचे तर गावच्या कारभाऱ्यांची परवानगी घ्यावी, असा ठराव बोस्टनने १६३६ साली केला. आलेला माणूस निर्धन निघाला तर त्याच्या पोटापाण्याचा भार गावावर पडेल, ही भीती त्यामागे होती. आजही उत्तरेकडची माणसे तुटक बोलतात, चटकन जवळ येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. तिचे मूळ शोधायचे तर असे दूरवर जावे लागते. त्या घेवड्यात पडणारी काकवी मात्र कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून येत होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

थोडे दक्षिणेला आलो की पेनसिल्व्हेनिया लागतो. विल्यम पेन १६८२ साली इथे उतरला. त्याचे क्वेकर पंथीय सहकारी शिष्टाचाराच्या बाबतीत अवलिया होते. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या 'तू' आणि 'आपण' यांसारखा भेद होता. थोरामोठ्यांना 'यू', बरोबरीच्यांना व खालच्यांना 'दाऊ'. क्वेकरांनी लहानथोर सर्वांना एकच 'तू' लावले आणि सरदार-न्यायाधीशांपुढे टोपी काढण्याचे नाकारले. ईश्वरापुढे सगळे सारखे, तर बोलण्यात उच्चनीचता कशाला, हा त्यांचा सवाल होता. याच वसाहतीतील जर्मनटाउन येथे १६८८ साली गुलामगिरीचा लेखी निषेध झाला. खुद्द पेनने गुलाम बाळगले होते. म्हणजे विचार आणि आचार यांत तिथेही अंतर होतेच. तरी ती परंपरा पुढे फळाला आली आणि तिचे एक फळ आपल्या वाट्याला आले. क्वेकरांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात १८५० साली स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच महाविद्यालयात शिकून १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांना अमेरिकेत पहिला आसरा दिला तो न्यू जर्सीतील रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी. गोपाळरावांचे एक पत्र मासिकात छापलेले त्यांच्या वाचनात आले, एवढीच काय ती ओळख. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांनी तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले.

पाहुणचारासाठी नावाजलेला प्रांत मात्र दक्षिणेचा. व्हर्जिनियात तंबाखूचे मळे नद्यांच्या काठाने विखुरलेले होते. गावे विरळ, खानावळी त्याहून विरळ. प्रवाशाने जवळच्या मळेवाल्याचे घर गाठावे आणि तिथे त्याला ताट व बिछाना मिळावा, हा तिथला रिवाज. रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ साली व्हर्जिनियाचा जो इतिहास लिहिला त्यात याची अभिमानाने नोंद आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या घराला वर्दळीच्या धर्मशाळेची उपमा दिली होती, इतकी पाहुण्यांची रीघ असे.

या आतिथ्याची दुसरी बाजू स्वयंपाकघरात होती. वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस हा गुलाम होता. राष्ट्राध्यक्षाचे निवासस्थान फिलाडेल्फियात असताना त्याच्या हाताची मोठी ख्याती झाली. पण पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यान्वये बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी गुलामांना प्रांताबाहेर नेऊन आणण्याची क्लृप्ती वॉशिंग्टनने योजली. पुढे हर्क्युलिसला माउंट व्हर्ननला परत धाडून मजुरीच्या कामाला लावण्यात आले. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, मालकाच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो तिथून निसटला. ज्याच्या हातच्या जेवणाने पाहुणे तृप्त होत, त्या माणसाने यजमानाच्या घरातून पळून जाण्यासाठी हा दिवस निवडावा, यावर आणखी भाष्य नको.

दक्षिणेच्या ताटावर या माणसांची मुद्रा आजही स्पष्ट आहे. कॅरोलायनातील भातशेती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या कौशल्यावर आणि कष्टांवर उभी राहिली. लुइझियानाच्या 'गंबो' या रश्शाचे नाव आफ्रिकी भाषांतील भेंडीच्या नावावरून आले असे मानतात. नववर्षाच्या दिवशी तिथे शुभ म्हणून जो पदार्थ खातात, तो म्हणजे चवळी आणि भात. मराठी माणसाला हे ताट परके वाटणार नाही.

दक्षिणेच्या अदबीचीही अशीच गत आहे. वडीलधाऱ्यांना 'सर', 'मॅम' म्हणायचे वळण तिथे मुलांना लहानपणापासून लावतात आणि ते ऐकायला गोड वाटते. परंतु १८६५ साली गुलामगिरी संपल्यावरही शंभर वर्षे ही अदब एकतर्फी होती. कृष्णवर्णीय माणसाला गोरे लोक 'मिस्टर' किंवा 'मिसेस' लावत नसत. तरुणाला नुसत्या नावाने हाक मारत, म्हाताऱ्याला 'अंकल' आणि म्हातारीला 'आंटी' म्हणत. आपल्याकडे हे शब्द आदराचे म्हणून रुळले. तिथे ते मानाची उपाधी टाळण्याची पळवाट होते. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला कोर्टात सरकारी वकिलाने 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. मला मिस हॅमिल्टन म्हणाल तरच उत्तर देईन, असा आग्रह तिने धरला. कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एका 'मिस'साठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले! ज्या भाषेत 'अरे' आणि 'अहो' यांवरून घरे दुभंगतात, त्या भाषेच्या माणसाला यातले मर्म चटकन कळावे.

देशाच्या मध्यभागी, म्हणजे मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन या शेतीच्या प्रदेशात रीत वेगळी. १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली आणि जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन शेतकरी तिथे लोटले. मळणीचे यंत्र एकट्याला परवडणारे नव्हते. शेजारी मिळून आळीपाळीने एकमेकांची मळणी करीत आणि ज्याच्या शेतावर काम त्या घरच्या बायका सर्वांना जेवू घालीत. आपल्या खेड्यांतल्या इर्जिकीचेच हे भावंड. चर्चच्या तळघरात प्रत्येकीने एकेक पदार्थ घेऊन यायचे आणि सर्वांनी मिळून जेवायचे, ही पद्धतही याच भागात दृढ झाली. यजमानाने आग्रह करावा, पाहुण्याने दोनदा नको म्हणावे आणि तिसऱ्या वेळी घ्यावे, हा मिनेसोटाचा संकेत तर थेट आपल्या पंगतीतला वाटतो! या सौजन्यालाही कुंपण होतेच. मध्य प्रदेशातील कित्येक गावांत सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांना थांबता येत नसे आणि वेशीवर तशा पाट्याही असत.

नैर्ऋत्येकडची कथा निराळी. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा सुमारे अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे होती तिथेच राहिली, सीमारेषा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मिरची, मका आणि राजम्यासारखे दाणे हा तिथला आहार नव्या मालकांनी उचलला. सॅन अँटोनियोच्या चौकात मेक्सिकन स्त्रिया मिरचीचा मांसरस्सा विकत. पुढे आरोग्याच्या नियमांखाली त्यांची उचलबांगडी झाली आणि तोच पदार्थ टेक्सासची शान ठरला. पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजुरांनी रेल्वेमार्ग घातला. १८८२ च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांना दार बंद झाले. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती आणि १९१५ पासून उपाहारगृहाच्या मालकाला व्यापारी समजले जाऊ लागले. चिनी उपाहारगृहे भराभर वाढली, त्याचे हे एक मोठे कारण. शेजारी नको, पण त्याच्या हातचा पदार्थ हवा, असा हा व्यवहार.

अशा देशात कृष्णवर्णीय कुटुंबाने प्रवासाला निघायचे म्हणजे डबा आणि धास्ती दोन्ही बरोबर घ्यावी लागत. हार्लेममधील टपालखात्यातले कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ साली कोणत्या गावी कोणाकडे जेवण आणि निवारा मिळेल याची पुस्तिका काढली. ती सुमारे तीस वर्षे निघत राहिली. १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया यांना मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका उपाहारगृहाने वर्णावरून परत पाठवले. ते दुसऱ्या दिवशी धोतर-कुडत्यात पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. १९४६ च्या जूनमध्ये मडगावला ज्यांनी पोर्तुगीज सत्तेचा हुकूम मोडला, ते तिथे मुकाट्याने कसे परततील? अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि सार्वजनिक खानावळींतला वर्णभेद बेकायदा ठरला. बर्मिंगहॅमच्या एका उपाहारगृहाने त्याविरुद्ध दाद मागितली. कृष्णवर्णीयांनी पदार्थ बांधून न्यावा, आत बसू नये, हा त्यांचा नियम; आणि तिथले बहुसंख्य नोकर कृष्णवर्णीयच! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले.

कायद्याच्या आधीची, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोची एक घटना सांगून थांबतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार विद्यार्थी तेथील एका मोठ्या दुकानात शिरले, किरकोळ खरेदी केली आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. तुम्ही आमचे पैसे घेता, मग बसायला मनाई का, एवढाच त्यांचा मुद्दा होता. त्यांना काही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि हळूहळू ते लोण अनेक शहरांत पसरले. २५ जुलै रोजी मालकांनी माघार घेतली. त्या दिवशी तिथे बसून पहिल्यांदा जेवले ते त्याच दुकानातले चार कृष्णवर्णीय कर्मचारी. इतके दिवस त्यांनी तिथे राबावे, पण बसू नये, असा दंडक होता. १ फेब्रुवारी २०१० पासून त्या इमारतीत संग्रहालय आहे, आणि ज्यावर बसायला मनाई होती त्या खुर्च्या आज लोक रांग लावून पाहतात.