वेस्ट नाइल : एक स्थलनाम आणि एका साथीचा मागोवा

रोगास स्थलनाम देण्याची प्रथा वैद्यकात जुनी आहे. अशा नावावरून रोग प्रथम कोठे ओळखला गेला, एवढेच कळते. तो कोठून आला व कोठवर जाईल, हे कळत नाही. ‘वेस्ट नाइल’ विषाणूचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ. स. १९३७ मध्ये युगांडातील वेस्ट नाइल जिल्ह्यात ओमोगो येथील एका ज्वरग्रस्त स्त्रीच्या रक्तातून स्मिथबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू मिळविला आणि त्यास जिल्ह्याचे नाव दिले. परंतु १९५२ साली मुंबईच्या रहिवाशांच्या रक्तातही त्याची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच दशकात ईजिप्तमध्ये झालेल्या संशोधनाने विषाणूचे खरे वसतिस्थान उघड केले. तो पक्षी आणि डास यांच्यामध्ये फिरत असतो. मनुष्य व घोडा त्यात प्रसंगवशात सापडतात. त्यांच्या रक्तात विषाणू अल्प असल्याने त्यांच्यापासून डासास सहसा लागण होत नाही. म्हणजे केवळ रुग्ण मोजून या साथीचा माग लागणे अशक्य होय.

याचे प्रत्यंतर १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये आले. ऑगस्टअखेर क्वीन्स भागातील डॉ. डेबोरा ॲस्निस यांनी मस्तिष्कज्वराचे दोन रुग्ण आरोग्यखात्यास कळविले. सप्टेंबरच्या आरंभी तो ‘सेंट लुइस मस्तिष्कज्वर’ असल्याचे घोषित झाले. हे दोन्ही विषाणू एकाच कुळातील. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या परीक्षेतही प्रतिसाद देतात. त्यामुळे ओळखीचे नाव अनोळखी रोगास लाभले. दोन्ही रोग डासांमार्फतच पसरत असल्याने डासनाशाचे काम मात्र योग्य दिशेने सुरू झाले.

त्याच उन्हाळ्यात शहरात कावळे मरत होते. पण माणसांची नोंद एका खात्याकडे, तर पक्ष्यांची दुसऱ्याकडे होती. ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील विकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा यांनी मृत पक्ष्यांच्या मेंदूंची तपासणी केली. सेंट लुइस रोगाने पक्षी असे मरत नाहीत. तिकडे परिचित असलेल्या घोड्यांच्या मस्तिष्कज्वराने एमू दगावतात; पण संग्रहालयातील एमू निरोगी होते. सबब यांपैकी कोणतेही नाव लागू पडेना. सप्टेंबर संपण्यापूर्वी खरी ओळख पटली. इस्राएलमध्ये १९९८ साली मेलेल्या एका हंसकातील विषाणूशी न्यूयॉर्कच्या विषाणूचे विलक्षण साम्य निघाले. त्या वर्षी तेथे ६२ रुग्ण आढळले. पैकी ७ दगावले.

इ. स. २००० पासून अमेरिकेत मनुष्य, घोडे, पक्षी व डास यांच्या नोंदी एकत्र ठेवण्यात येऊ लागल्या. मृत कावळा ही साथीची पूर्वसूचना ठरली. विषाणू तरीही थोड्याच वर्षांत पॅसिफिक किनाऱ्यास पोहोचला. परंतु आता त्याची वाटचाल नकाशावर टिपली जात होती.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे भाषाभ्यासकांस सुपरिचित आहे. रोगनामासही तोच न्याय लागू आहे. नाव हा निष्कर्ष नसून गृहीतक आहे, आणि त्याची परीक्षा माणसांच्या नोंदवहीबाहेरील पुराव्यानेही झाली पाहिजे.