पोटं तपासणारी संस्था

युगांडातल्या जिंजा शहरात, व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते त्या काठावर, १९४७ मध्ये पूर्व आफ्रिका मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. सरोवराचा पसारा सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, सर्वाधिक खोली मात्र जेमतेम ८० मीटर. कोणता मासा काय खातो, हेच मुळात नीट ठाऊक नव्हतं.

१९५० च्या दशकात हंफ्री ग्रीनवुड यांनी इथे हॅप्लोक्रोमिस गटातल्या लहान माशांचे दात, जबडे आणि पोटं तपासायला घेतली. कुणी तळाचा गाळ गाळून खाई, कुणी खडकावरचं शेवाळ खरवडे, कुणी गोगलगायी फोडे. काही जाती तर तोंडात पिल्लं सांभाळणाऱ्या आयांना ती ओकायला लावून गट्ट करत. या चिमुकल्यांनी सरोवरातला एकही घास वाया जाऊ दिला नव्हता.

सरकारी खात्याच्या लेखी मात्र हा काटेरी कचरा. तो खाऊन मोठा होईल असा नाईल पर्च आणून सोडावा, असं घाटत होतं. संस्थेतले जेफ्री फ्रायर यांनी १९६० मध्ये लेख लिहून विरोध केला: अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बरीच ऊर्जा गळते, शिकारी वाढवून मासळी कशी वाढेल? त्याच वर्षी हा मासा सरोवरात सापडलाही! पुढे १९६२-६३ मध्ये तो अधिकृतपणे सोडण्यात आला.

१९७७ मध्ये सरोवराकाठच्या देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, त्यांच्या या सामाईक संस्थेचीही वाटणी झाली. जिंजा युगांडाकडे राहिलं, तेही इदी अमीनच्या राजवटीत. दुर्दैव असं, की त्यानंतर थोड्याच वर्षांत पर्चची संख्या भडकली आणि हॅप्लोक्रोमिसच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. जिंजाचे रिचर्ड ओगुटू-ओहवायो यांनी पर्चची पोटं तपासली. आधीचं भक्ष्य संपत आलं तसा तो जवळ्याएवढ्या कॅरिडिना कोळंबीवर, मुकेने या चिमुकल्या माशावर आणि स्वतःच्याच पिल्लांवर आला होता. फ्रायर यांचं मासळीचं गणित मात्र चुकलं, हे मान्य करायला हवं. एकूण पकड कित्येक पटींनी वाढली.

नावं बदलत जिंजाची ती संस्था आज राष्ट्रीय मत्स्यसंपदा संशोधन संस्था झाली आहे. पर्चची बेसुमार मासेमारी झाल्यावर काही हॅप्लोक्रोमिस परतले, पण जुना आहार घेऊन नव्हे. टांझानियातल्या म्वांझाच्या आखातात पूर्वी सूक्ष्म प्राणी टिपणाऱ्या जाती आता कोळंबी आणि कीटकही खाताना आढळल्या. ग्रीनवुडकालीन नोंदींवर त्यामुळे विसंबता येत नाही.