पायाखालची जमीन

मुंबईत नवे घर विकत घेणारा नेमके काय विकत घेतो? भिंती, ताबा, की जमिनीतला वाटा? जुने कायदे वाचताना मला या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदललेले दिसते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईकर बहुतांशी भाडेकरूच होता. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिथे इमारत संस्थेची; सभासद एकाच वेळी तिचा भागीदार आणि भाडेकरू.

१९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला आधार मिळाला, पण भाड्यासाठी नवी चाळ बांधण्यात मालकाला रस उरला नाही. पागडी फोफावली आणि बांधकाम व्यावसायिक ‘मालकी हक्काच्या ब्लॉक’कडे वळले. इमारत उभी राहू लागली ती गिऱ्हाइकाच्याच आगाऊ पैशांवर.

१९६३ चा मालकी सदनिका कायदा, म्हणजेच ‘मोफा’, मी तक्रारवहीसारखा वाचतो. लेखी करारापूर्वी पैसे घेऊ नयेत, आगाऊ रक्कम किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त नसावी, संमतीविना नकाशा बदलू नये, करारानंतर मालमत्ता गहाण टाकू नये. जे घडत होते, तेच इथे मना केलेले आहे. संस्था स्थापन करून जमीन तिच्या नावे करून देण्याचे बंधनही त्यातच आहे.

हेच बंधन सर्वांत जास्त मोडले गेले. माझ्या आईवडिलांनी सत्तरच्या दशकात डोंबिवलीत ब्लॉक घेतला. किल्ली मिळाली, सोसायटी झाली. सात-बारावर मात्र मूळ मालकाचेच नाव राहिले. पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा पहिला कागद मागितला गेला तो अभिहस्तांतरणाचा, आणि तोच नव्हता. अशा असंख्य सोसायट्यांसाठी २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद आणावी लागली.

२०१६ च्या ‘रेरा’ने आगाऊ रकमेची मर्यादा १० टक्क्यांवर आणली, चटई क्षेत्र उघड करायला लावले आणि ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे बंधन घातले. घर वेळेवर मिळण्याची शाश्वती त्याने वाढवली. पण इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे. ती थकल्यावर रहिवाशांच्या हाती उरते ती जमीनच. गावदेवीच्या सभासदांनी ती आधी सामाईक केली, मग घरे बांधली. पुढच्या पिढ्यांनी हा क्रम उलटा केला, आणि जमिनीचा कागद मिळवायला त्यांना कायद्याच्या दारात उभे राहावे लागले.