बारगीर

बारगीर म्हणजे मराठेशाहीच्या घोडदळातील, सरकारने किंवा सरदाराने पुरविलेल्या घोड्यावर बसून लढणारा पगारी स्वार होय. स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन चाकरीस येणाऱ्या स्वारास शिलेदार म्हणत.

व्युत्पत्ती

हा शब्द मूळ फारसी आहे. 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा. फारसीत ओझे वाहणाऱ्या जनावरास, विशेषतः घोड्यास, 'बारगीर' म्हणत. पुढे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वारासही तोच शब्द लागू झाला. 'शिलेदार' हा शब्द अरबी 'सिलाह' (शस्त्र) व फारसी 'दार' (बाळगणारा) यांपासून आला.

लष्करातील स्थान

छत्रपती शिवाजी महाराजांच्या सरकारी घोडदळास पागा म्हणत. सभासद बखरीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार व दहा जुमल्यांवर एक हजारी असे. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. घोडा मेल्यास शिलेदाराचे उपजीविकेचे साधनच जाई. बारगिराच्या घोड्याचे नुकसान सरकार सोशी. मात्र बारगिराला घोड्यावर हक्क नसे व त्याचा दर्जा शिलेदाराहून कमी मानला जाई.

बंगालमधील 'बर्गी'

नागपूरकर रघूजी भोसले (पहिले) यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये बंगालवर स्वारी केली. १७५१ च्या तहाने नवाब अलीवर्दीखानाने वार्षिक १२ लक्ष रुपये चौथाई मान्य केली. या काळातील लुटालुटीमुळे बंगालीत 'बर्गी' म्हणजे लुटारू मराठा स्वार असा अर्थ रूढ झाला. बंगाली अंगाईगीतातही बर्गींची भीती आहे. मराठीत सैन्यातील पायरी दाखविणारा हा शब्द बंगालीत असा दहशतीचा पर्याय बनला.

उत्तरकाळ

नागपूर येथे २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईत कॅप्टन फिट्झगेराल्ड याच्या बंगाल घोडदळाने भोसल्यांच्या स्वारांवर चढाई केली. या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत मात्र स्वीकारली व तीत दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणाऱ्यास बारगीर हेच नाव राहिले. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली. आज 'बारगीर' व 'शिलेदार' ही आडनावे महाराष्ट्रात आढळतात.