हृदयझडप शस्त्रक्रियेनंतरच्या नियमित तपासणीचा इतिहास : केज तालुक्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियागृहाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पहिली शस्त्रक्रिया कोणी केली, कोणत्या साली केली आणि ती यशस्वी झाली की नाही, एवढ्यावर त्याची प्रकरणे संपतात. झडप बदललेल्या रुग्णाच्या आयुष्यात मात्र शस्त्रक्रिया काही तासांची असते. तिच्यानंतरची तपासणी आयुष्यभराची असते. रक्ताची चाचणी, इको आणि डॉक्टरांची भेट या तीन गोष्टींचा इतिहास शस्त्रक्रियेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. हा इतिहास प्रगत देशांतील प्रयोगशाळांत घडला असला, तरी त्याची खरी कसोटी बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्यात लागते. प्रस्तुत लेखात या तपासणीच्या विकासाचा मागोवा घेऊन केज परिसरातील समाजजीवनाशी तिचा सांधा कितपत जुळतो, याचा विचार केला आहे.

रोगाची सामाजिक पार्श्वभूमी

भारतात तरुण वयात झडप खराब होण्याचे प्रमुख कारण संधिवातजन्य हृदयरोग हे आहे. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, त्यातून काहींना संधिवाताचा ताप येतो आणि त्याचा घाव हृदयाच्या झडपांवर, विशेषतः मिट्रल झडपेवर, राहून जातो. दाटीची घरे, अपुरे पोषण आणि वेळेवर न मिळालेले साधे पेनिसिलिन ही या रोगाची मुळे होत. म्हणून ज्या समाजात हा रोग अधिक आढळतो, त्याच समाजाला पुढील आयुष्यभराची तपासणी परवडणे सर्वांत कठीण असते. जागतिक आरोग्य सभेने 2018 साली या रोगाविषयी स्वतंत्र ठराव केला, यावरूनही त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

बोटाने उघडलेल्या झडपेपासून कृत्रिम झडपेपर्यंत

1948 साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी आकुंचित मिट्रल झडप बंद हृदयातच उघडण्याच्या शस्त्रक्रिया यशस्वी केल्या. 1950च्या दशकात ही पद्धत भारतात आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी या शाखेचा पाया घातला. 1968 साली त्यांनी तेथेच भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. झडप उघडलेल्या रुग्णाच्या हृदयात परकी वस्तू नसे. त्यामुळे केवळ शस्त्रक्रिया झाली म्हणून रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्मभर घेण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती.

1960 साली अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी मिट्रल झडपेच्या जागी पिंजऱ्यातील चेंडूसारखी कृत्रिम झडप बसवली आणि चित्र पालटले. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका सदैव राहतो. गुठळीने झडप अडकू शकते किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. जैविक झडपेला हे औषध सहसा कायम लागत नाही. परंतु ती कालांतराने, आणि तरुणांत अधिक लवकर, झिजते. त्यामुळे तरुण रुग्णाला बहुधा धातूची झडप बसवली जाते आणि तिच्यासोबत जन्मभराचे औषधही येते.

भारतीय संदर्भात थिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेचे कार्य मोलाचे ठरले. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे विकसित झालेली झडप 6 डिसेंबर 1990 रोजी प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. आयात झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त होती. झडप स्वस्त झाली, तरी तपासणीसाठी होणारा प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा भार मात्र रुग्णावरच राहिला.

तपासणीच्या साधनांचा विकास

रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजण्याची चाचणी आर्मंड क्विक यांनी 1935 साली मांडली. वॉरफेरीन हे मूळचे उंदीर मारण्याचे औषध 1954 साली माणसांसाठी मान्य झाले. मात्र एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीच्या निकालाशी जुळत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1983 साली 'आय.एन.आर.' या समान मापाची शिफारस केली. त्यामुळे मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे रक्त लातूर वा बीडमध्ये तपासले, तरी दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले. मिट्रल जागी धातूची झडप असल्यास हा आकडा साधारणतः 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. तो खाली गेल्यास गुठळीचे भय, वर गेल्यास रक्तस्रावाचे.

दुसरे साधन इकोचे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी 1953 साली ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील संशोधकांनी, विशेषतः लिव्ह हाटले यांनी, डॉप्लर पद्धतीने झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक काढण्याची रीत रूढ केली. ज्या मोजणीसाठी पूर्वी हृदयात नळी घालावी लागे, ती आता छातीवर यंत्र टेकवून होऊ लागली.

या तपासणीमागचे तत्त्व तुलनेचे आहे. प्रत्येक कृत्रिम झडपेतील दाबाचा फरक तिच्या प्रकारानुसार व आकारानुसार निराळा असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे ते तीन महिन्यांत पहिला इको करून ठेवतात आणि पुढील अहवाल त्याच्याशी ताडून पाहतात. इतिहासाच्या परिभाषेत बोलायचे तर तो पहिला अहवाल हा मूळ दस्तऐवज होय. तो हरवला, तर पुढचा आकडा मुळापासूनचा की नव्या बिघाडाचा, हे ठरवणे अवघड होते.

तपासणीचे महत्त्व केवळ रुग्णापुरते नाही. ब्यॉर्क-शायली झडपेच्या एका प्रकारात धातूचा आधार तुटत असल्याचे शस्त्रक्रियेनंतरच्या नोंदींतून पुढे आले आणि 1986 साली तो प्रकार बाजारातून मागे घेण्यात आला. नोंदी नसत्या, तर वस्तूतील दोष रुग्णाच्या नशिबाच्या खाती जमा झाला असता.

केज परिसर : अंतर आणि ऋतू

1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे 1956 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. केजच्या शेजारी अंबाजोगाई येथे 1974 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला देण्यात आले. पुढे 2002 साली लातूरलाही असे महाविद्यालय आले. तज्ज्ञ सेवा अशी टप्प्याटप्प्याने जवळ येत गेली.

खर्चाच्या बाबतीत 1997 ची जीवनदायी आरोग्य योजना आणि तिच्यानंतरची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना हे महत्त्वाचे टप्पे आहेत. दुसरी योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर 2013 मध्ये बीडसह राज्यभर लागू झाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. तिच्यात 971 उपचारांबरोबर 121 पाठपुरावा सेवांचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा हाही उपचारच आहे, ही गोष्ट शासनाने त्यातून लेखी मान्य केली.

अंतर कमी झाले, खर्चाचा काही भार हलका झाला. ऋतूचा प्रश्न मात्र राहिला. दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर न गेलेला दिवस 'खाडा' ठरतो. झडप बदललेल्या माणसाला महिन्यातून एकदा रक्त तपासायला जायचे, तर तो दिवस खाड्याचा. रक्त पातळ असताना हाती कोयता असणे ही जोखीम निराळीच. हिवाळ्यात ताटात येणारी मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला यांतील 'के' जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. भाजी सोडावी असे नाही. पण खाण्यात मोठा बदल झाला की रक्त पुन्हा तपासावे लागते. हाच नेमका स्थलांतराचा काळ असतो. तरुण स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वॉरफेरीनने गर्भाला अपाय होऊ शकतो आणि ते अचानक थांबवल्यास झडपेला धोका पोहोचतो.

नव्या औषधांनी ही चाचणी टळेल, अशी आशा होती. तथापि धातूच्या झडपांवरील डाबिगाट्रानचा प्रयोग धोका वाढल्याने थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. म्हणून आजही जुनेच औषध आणि जुनीच चाचणी यांना पर्याय नाही.

निष्कर्ष

1. झडपेच्या शस्त्रक्रियेचे यश तिच्यानंतरच्या नियमित तपासणीवर अवलंबून आहे. इतिहासलेखनात या तपासणीला दुय्यम स्थान मिळाले आहे.

2. आय.एन.आर. आणि डॉप्लर इको यांमुळे तपासणी मोठ्या शहराबाहेर नेणे शक्य झाले. अंबाजोगाईसारख्या केंद्रांचे महत्त्व त्यामुळे वाढते.

3. शासकीय योजनांनी पाठपुराव्यास मान्यता दिली. परंतु रुग्ण एका ठिकाणी राहतो, हे त्यामागील गृहीतक केजच्या जीवनाला लागू पडत नाही. तपासणीचे वेळापत्रक गाळप हंगामाशी जुळवणे आणि कारखाना परिसरात रक्तचाचणीची सोय करणे आवश्यक आहे.

4. शस्त्रक्रियेचा कागद, झडपेचा प्रकार व आकार, पहिला इको आणि आय.एन.आर.च्या नोंदी यांची प्रत रुग्णाबरोबर फडावरही असली पाहिजे. कोपीत, बिऱ्हाडाच्या गाठोड्यात जपलेली ती फाईल त्या हृदयाचा एकमेव इतिहास असते. अनोळखी गावातील डॉक्टरला ऐन वेळी त्या इतिहासावरच निर्णय घ्यावा लागतो.