विहिरीची नोंद आणि तिचे वाचन



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे ते विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा तेलविहिरींच्या विद्युत्-नोंदींचा इतिहास हा विषय मी निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. कारण साधे आहे. या शाळेतील अनेक विद्यार्थी बडोद्याच्या आसपासच्या तेलक्षेत्रांत नोकरीस लागले. त्यांच्या बोलण्यात 'लॉग वाचणे' हा प्रयोग मी वारंवार ऐकत आलो. लॉग मोजला जातो, छापला जातो. पण त्याच्याशी खरे नाते जोडते ते 'वाचणे' हे क्रियापद. ज्याचा जन्म वाचण्यात गेला त्याला हा शब्द स्वस्थ बसू देईना.

'लॉग' हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात टाकावयाचा लाकडी ओंडका म्हणजे लॉग. त्यावरून ज्या वहीत तो वेग टिपावयाचा तिलाही तेच नाव पडले. विहीर खणताना किती खोलीवर काय लागले याची नोंद ठेवणाऱ्यांनी तो उचलला. परंतु हजारो फूट खोल, चिखलाने भरलेल्या, वीतभर रुंदीच्या विवरात काय लागले हे कळावे कसे? खडकाचा दंडगोल नमुना कापून वर आणणे हा एक उपाय. त्यासाठी सगळा नळ बाहेर काढावा लागे, दिवस मोडत, आणि तेल ज्यात असावयाचे ती भुसभुशीत वाळू पुष्कळदा वाटेतच निसटे.

या अडचणीवर तोड काढली ती आल्सास प्रांतातील श्लुंबर्जे बंधूंनी. थोरले कॉनराड हे भौतिकीचे प्राध्यापक, धाकटे मार्सेल हे अभियंता. जमिनीत वीज सोडून तिच्या वाटेवरून भूगर्भाची कल्पना बांधावी, हा कॉनराड यांचा ध्यास. 1912 साली त्यांनी नॉर्मंडीत तसे प्रयोग केले. वडील पॉल यांनी 1919 साली पुत्रांना पाच लाख फ्रँकपर्यंत रक्कम देऊ केली आणि करारातच लिहून ठेवले, की या कामात शास्त्रीय हित आर्थिक हिताच्या वर राहावे. कापडधंद्यातील घराण्याच्या कर्त्या पुरुषाने असे लिहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

5 सप्टेंबर 1927 रोजी आल्सासमधील पेशेलब्रॉन येथील एका विहिरीत कॉनराड यांचे जामात आँरी डॉल आणि त्यांचे साथीदार यांनी विजेची तार बांधलेले उपकरण सोडले. मीटरभर वर घ्यावयाचे, थांबावयाचे, वीज सोडून खडकाचा विरोध मोजावयाचा, आकडा वहीत टिपावयाचा. मग ते बिंदू कागदावर मांडून हाताने रेषा काढली. हाच पहिला विद्युत्-लॉग. त्याला त्यांनी नाव दिले 'विद्युत् कारोताज'. फ्रेंच खाणकामगार खडकाच्या दंडगोल नमुन्याला 'कारोत', म्हणजे गाजर, म्हणत. हे गाजर न उपटताच मिळालेले!

रेषा हाती आली, पण तिचे व्याकरण अजून घडावयाचे होते. आरंभी तिचा उपयोग मुख्यतः जुळणीसाठी होई. शेजारच्या विहिरीत तीच चढउतार दिसली म्हणजे तोच थर, एवढे ओळखता येई. 1931 मध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वीज न सोडताही उपकरणात अल्प दाब उमटे. तो दोष मानून पुसून टाकला असता तर मोठी हानी झाली असती. कारण सच्छिद्र वाळूचे थर आणि चिकणमातीचे थर यांतील भेद तोच दाखवीत होता.

व्याकरण लिहिले ते शेल कंपनीतील गस आर्ची यांनी, 1942 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात. तत्त्व असे : वालुकाश्माचे कण वीज जवळजवळ वाहत नाहीत, वाहते ते त्यांच्या पोकळ्यांतील खारे पाणी. त्या पाण्याची जागा तेलाने घेतली की विरोध वाढतो. तो किती वाढला यावरून पाणी किती उरले हे काढता येते. समजा, केवळ पाण्याने भरलेल्या थराचा विरोध 2 ओहम-मीटर असता आणि मोजला तो 32 भरला. म्हणजे सोळापट. स्वच्छ वाळूत या पटीचे वर्गमूळ घ्यावयाचे : पोकळीच्या चौथ्या हिश्शात पाणी, उरलेल्या तीन हिश्शांत तेल किंवा वायू.

इतके सोपे असते तर वाचकाची गरजच राहिली नसती. गोडे पाणीही विजेला विरोध करते. घट्ट, पोकळीरहित चुनखडकही करतो. शिवाय विवरातील चिखलाचे पाणी थरात झिरपून तेल मागे सारते, त्यामुळे जवळून मोजणारे उपकरण खडकाऐवजी चिखलाचीच साक्ष देते. म्हणून दुसरे साक्षीदार हवे झाले. फर्मी यांचे सहकारी ब्रूनो पोंतेकोर्वो यांनी अमेरिकेतील टल्सा येथे 1941 च्या सुमारास न्यूट्रॉनची पद्धत सिद्ध केली. हायड्रोजनने न्यूट्रॉन मंदावतात, आणि हायड्रोजन पाण्यातही असतो, तेलातही. त्यावरून पोकळीचा अंदाज येतो. मराठीच्या अभ्यासकाला ही रीत अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीचे पाठ एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केले तेव्हापासून आपण जाणतो, की एका पोथीवर विसंबू नये.

1929 पासून श्लुंबर्जे यांचे पथक सोव्हिएत देशातही काम करू लागले. पुढे त्याच देशाच्या तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन 1956 साली स्थापन झालेल्या आपल्या तेल आयोगाने गुजरातेत शोध चालविला. 1958 मध्ये खंबायतजवळ लुणेज येथे आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. 1974 साली मुंबईजवळच्या समुद्रात. या सर्व ठिकाणी कोणाला तरी रेषांसमोर बसून निर्णय द्यावा लागतो : पोलादी नळ बसवून थराला भोके पाडावयाची, की सिमेंटने बूच मारून विहीर सोडून द्यावयाची. चुकल्यास एकीकडे पैसा बुडतो, दुसरीकडे तेल जमिनीतच राहते.

या दुसऱ्या चुकीला मात्र पुढे उपाय असतो. वाळूत चिकणमातीचे पातळ पदर असले तर ते वीज वाहतात आणि तेलाचा थर पाण्याचा भासतो. असे कित्येक थर जगभर आधी उपेक्षिले गेले व पुढे जुन्या नोंदी नव्या ज्ञानाने वाचल्यावर सापडले. ते शक्य झाले, कारण मूळ आकडे प्रामाणिकपणे टिपून जपले होते. आपल्याला अर्थ लागला नाही म्हणून कोणी ते खोडले किंवा सावरून घेतले असते, तर पुढच्या वाचकाला वाचावयास काहीच उरले नसते.

विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहावयास सांगणारा शिक्षक अशा भविष्यातील वाचकासाठीच झटत असतो. ज्यांच्या स्मृतीस आपण वंदन करीत आहोत, त्यांच्या विषयाला माझ्या विषयाकडून एवढेच अर्पण करता येईल : वाचन पिढीगणिक सुधारत जाते, नोंद मात्र पहिल्याच वेळी खरी असावी लागते.